जागच्या जागी

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो. सिस्टर बाटली तिरकी करते, फसफस आवाज होतो, आपण दातओठ खाऊन बसतो आणि मनाशी म्हणतो, जंतू मरताहेत. तो फेस म्हणजे खरं तर आपल्याच रक्तातल्या एका प्रथिनाची करामत असते. त्याचं नाव कॅटलेज. पेरॉक्साइडचा रेणू हाती लागला की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते सेकंदाला लाखो रेणूंच्या वेगाने चालतं. १९४६ साली जपानमधल्या ओकायामाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा एका मुलीच्या तोंडातला सडलेला भाग काढून तिथे पेरॉक्साइड ओतत होते. फेस आलाच नाही. रक्त मात्र काळपट तपकिरी पडलं. तिच्या रक्तात कॅटलेज जवळजवळ नव्हतंच.

या हकिगतीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जन्मतः कॅटलेज नसलेली अशी माणसं हिरड्यांची दुखणी सोडली तर बऱ्यापैकी धडधाकट जगतात. कारण पेरॉक्साइडचा निकाल लावायला शरीरात ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ आहे, पेरॉक्सिरेडॉक्सिनांचं अख्खं कुटुंब आहे. एक गैरहजर असला तर दुसरे बरंचसं काम ओढून नेतात. शरीराने ही जबाबदारी एकट्यादुकट्याच्या गळ्यात घातलेली नाही. कोण कुठे बसणार, कुणाला कधी हाक जाणार, किती वेळ काम चालणार, हे सगळं ठरलेलं आहे. आणि नेमकं हेच ‘अँटिऑक्सिडंट’च्या नावाने गोळ्या, चहा, रस आणि पावडरी विकणारे सांगत नाहीत. त्यांच्या लेखी प्रश्न फक्त प्रमाणाचा: जितकं जास्त तितकं चांगलं. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे फुप्फुसाइतकं उघड दुसऱ्या कुठल्या अवयवात दिसत नाही.

मुळात प्राणवायू हा सरळ प्राणी नव्हे. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये तो वेगळा काढला, आणि लगेचच त्यांच्या मनात शंका आली की शुद्ध वायूत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसं माणसाचंही होईल की काय. १८९९ मध्ये जेम्स लॉरेन स्मिथ यांनी उंदरांना दाट प्राणवायूत ठेवून पाहिलं. उंदरांच्या फुप्फुसांना सूज आली आणि ते मेले. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगणं क्रूरपणाचं वाटेल, पण अतिदक्षता विभागातला प्रत्येक डॉक्टर ते जाणून असतो. रुग्ण जरा सावरला की तो पहिल्यांदा ऑक्सिजनचा काटा खाली आणू पाहतो.

फुप्फुसाची अडचण त्याच्या रचनेतच आहे. सुमारे ४८ कोटी वायुकोश, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा सर्वांत पातळ जागी मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाइतका. जाड असता तर ऑक्सिजन पलीकडे गेला नसता. पातळ आहे म्हणून पलीकडची केशवाहिनी उघड्यावर पडल्यासारखी आहे. दिवसाला दहा हजार लिटरांहून जास्त हवा इथून आतबाहेर करते, आणि हृदयाने फेकलेलं सगळं रक्त, मिनिटाला सुमारे पाच लिटर, याच जाळ्यातून जातं. यकृताच्या किंवा स्नायूच्या पेशीला ऑक्सिजन मोजूनमापून मिळतो. फुप्फुसाच्या पेशी त्याच्या ऐन माऱ्यात बसलेल्या असतात. त्यात धूर, धूळ, ओझोन आणि जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींची भर. विषारी प्रमाणात ऑक्सिजन दिला की सर्वांत आधी मरतात त्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी. फुप्फुसाचं रक्षण म्हणजे बव्हंशी त्याच्या रक्तवाहिन्यांचं रक्षण, असं म्हणायला त्यामुळे जागा आहे.

हे रक्षण करतं कोण, याचं उत्तर १९६९ साली मिळालं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की तांबं असलेलं एक निळसर-हिरवं प्रथिन सुपरऑक्साइड नावाच्या आक्रमक रेणूला निकामी करतं. ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की तो सुपरऑक्साइड होतो. पेशी श्वसन करतात तेव्हा तो थोडाफार तयार होतच राहतो. गंमत अशी की हे प्रथिन १९३८ पासून ठाऊक होतं. गाईगुरांच्या रक्तातून ते वेगळं काढलेलं होतं, नाव दिलेलं होतं, आणि तीस वर्षं ते नुसतंच तांब्याची साठवण म्हणून पडून होतं. काम कळल्यावर त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेझ असं जडजंबाल नाव मिळालं. आपण एसओडी म्हणू. ते सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, आणि मग पेरॉक्साइडचा समाचार कॅटलेज आणि मंडळी घेतात. म्हणजे पहिल्याने नुसतीच घाई केली आणि दुसरा जागेवर नसला, तर आगीतून फुफाट्यात. इथेही प्रमाणापेक्षा जुळणी महत्त्वाची.

माणसात एसओडी तीन तऱ्हेचं आहे. पहिलं पेशीच्या द्रवात, दुसरं पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात म्हणजे मायटोकाँड्रियात, तिसरं पेशीच्या बाहेर. तिन्ही एकच रासायनिक क्रिया करतात. तरीही एकाची उणीव दुसरं भरून काढत नाही. १९९० च्या दशकात एकेक जनुक बंद करून उंदीर तयार केले गेले तेव्हा हे लख्ख दिसलं. मायटोकाँड्रियातलं एसओडी नसलेली पिल्लं दहा दिवसांच्या आत मेली, हृदय फुगून. पेशीद्रवातलं नसलेली मोठी झाली. आणि पेशीबाहेरचं नसलेली? साध्या हवेत त्यांना काहीच झालं नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवल्यावर मात्र त्यांची फुप्फुसं इतर उंदरांच्या आधी पाण्याने भरली.

हे तिसरं एसओडी मला सर्वांत बोलकं वाटतं. स्वीडनमधल्या उमिओ इथल्या स्टेफान मार्क्लुंड यांनी १९८२ मध्ये ते माणसाच्या फुप्फुसातूनच वेगळं काढलं. त्याला एक शेपटी असते, धन विद्युतभार असलेल्या अमिनो आम्लांची. त्या शेपटीने ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या आणि पेशींभोवतालच्या ऋणभारित साखरसाखळ्यांना चिकटून बसतं. पूर्ण शरीराचा विचार केला तर एसओडीच्या तीन प्रकारांत ते अल्पसंख्य आहे, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत त्याचा वाटा दांडगा आहे. तिथे त्याची गरज का, हे समजायला नायट्रिक ऑक्साइडची गोष्ट पाहावी लागते.

रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. तो भिंतीतल्या स्नायूपर्यंत पोचला की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. फुप्फुसाचं रक्ताभिसरण कमी दाबाचं. बाकीच्या शरीरात सरासरी दाब नव्वदीच्या घरात असतो, तर फुप्फुसाच्या धमनीत तो पंधराच्या आसपास. हा दाब खाली ठेवण्यात नायट्रिक ऑक्साइडचा मोठा हात आहे. नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या वाहिन्या उघडत नसतील तर आजही हाच वायू नळीवाटे दिला जातो. आता वाटेत सुपरऑक्साइड भेटला तर? दोघांची गाठ पडायचा अवकाश, रक्तवाहिनी सैल करणारा दूत नाहीसा होतो आणि जागी उरतो पेरॉक्सिनायट्राइट, प्रथिनांचं आणि चरबीचं वाटोळं करणारा. ही अभिक्रिया इतकी वेगवान आहे की तिला हरवायचं तर एसओडी त्याच जागी आणि भरपूर हजर हवं. अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत बसलेलं तिसरं एसओडी नेमकं हेच करतं. ते स्वतः वाहिनी रुंदावत नाही, रुंदावणाऱ्याची वाट निर्धोक ठेवतं.

आणि आता कोपनहेगन. काही माणसांत या प्रथिनाच्या शेपटीतलं २१३ व्या जागचं एक अमिनो आम्ल जन्मतः बदललेलं असतं. आर्जिनिनच्या जागी ग्लायसिन. विकर म्हणून प्रथिन ठणठणीत. त्याची ताकद तसूभरही कमी नाही. फक्त शेपटीची पकड ढिली होते, ते भिंतीवरून सुटतं आणि रक्तद्रवात जातं. रक्त तपासलं तर अशा माणसात हे एसओडी नेहमीच्या सुमारे दहापट भरतं. बाजारातल्या तर्काने पाहिलं तर हा माणूस भाग्यवान. रक्तात दहापट अँटिऑक्सिडंट! कोपनहेगनच्या शहरवासीयांच्या मोठ्या पाहणीतून २००४ मध्ये निष्कर्ष आला की अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जास्त आहे. भिंतीतला रक्षक भिंतीत उरलाच नव्हता. पण कथा तिथे संपत नाही. त्याच पाहणीतून २००६ मध्ये दुसरा निष्कर्ष आला: धूम्रपान करणाऱ्यांपैकी ज्यांच्यात हा बदल होता, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, कमी होत होता. सुटं झालेलं प्रथिन श्वासमार्गाच्या ओलाव्यात, धुराच्या अगदी तोंडावर पोचत असावं, असा त्यामागचा तर्क आहे. कोलोराडोतल्या संशोधकांनी उंदरांत हाच बदल घडवून पाहिला, तेव्हा फुप्फुसाचा दाह कमी दिसला आणि फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढलेला.

एकच प्रथिन, तेवढीच ताकद, रक्तात दहापट. श्वासनलिकेला फायदा, रक्तवाहिनीला तोटा. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? कोयनेच्या धरणात पाणी तुडुंब आहे म्हणून लालबागच्या चाळीतली आग विझत नाही.

याच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सुपरऑक्साइड इतका घातक असेल तर तो शक्य तिथून पुसून टाकलेला बराच की. पण शरीराला तो हवाही असतो. जंतू गिळल्यावर पांढरी पेशी मुद्दाम सुपरऑक्साइडचा लोट सोडते आणि त्यातून निघालेल्या रसायनांनी जंतूला मारते. ज्या मुलांत हा लोट सोडणारं यंत्रच जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना फुप्फुसात, यकृतात, त्वचेत पुन्हा पुन्हा गळवं होतात. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत अशा मुलांचं निदान होतं. जे हत्यार फुप्फुसाला जाळतं तेच त्याला वाचवतं. आणि शत्रूकडेही ढाल आहेच: क्षयाचे जंतू स्वतःचं एसओडी आणि स्वतःचं कॅटलेज बाळगून असतात. त्यातलं कॅटलेज आपल्या पथ्यावर पडतं, कारण आयसोनियाझिड हे क्षयाचं जुनं औषध जंतूच्या पोटात गेल्यावर तेच विकर त्याला जागं करतं. ज्या जंतूंचं हे विकर बिघडतं त्यांच्यावर आयसोनियाझिड चालेनासं होतं. १९९२ मध्ये हे सिद्ध झालं. क्षयजंतू अँटिऑक्सिडंट संरक्षणाचा थोडा त्याग करून औषधाला चकवतो. आपल्या आहारतज्ज्ञांपेक्षा त्याला या व्यवहाराची समज जास्त दिसते.

गोळ्यांचा विषय एवढ्यावर सोडून देता आला असता, पण त्यांची परीक्षा झालेली आहे आणि निकाल वाईट आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांवर चाललेली अशीच चाचणी १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला होता. गाजरं-भाज्या खाणारे लोक निरोगी असतात हे निरीक्षण खरंच होतं. त्यातलं एक रसायन काढून गोळीत भरलं की निरोगीपणाही गोळीत उतरेल, हे गृहीत धरणं खोटं निघालं. पुढे २०१४ मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन दिलं, तेव्हा गाठी वेगाने वाढल्या. गाठीतल्या पेशीलाही ऑक्सिडीकरणाचा ताण असतो. आपण तिचाच भार हलका केला.

एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीनला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर ते जीव वाचवतं, आणि सीओपीडीचा त्रास अचानक उसळण्याचे प्रसंग त्याने काहीसे कमी होतात असं चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण युरोपातल्या चाचणीत फुप्फुसाची घसरण त्याने थांबली नाही, आणि फुप्फुस निबर होत जाण्याच्या आजारात तर त्याचा उपयोग दिसला नाही. मग सरळ एसओडीचीच गोळी का खाऊ नये? विकली जाते तीही. प्रथिन पोटात गेलं की डाळीच्या प्रथिनासारखं पचतं, संपलं. शिरेतून टोचलं तर प्रयोगातल्या उंदरांची मूत्रपिंडं ते काही मिनिटांत गाळून टाकतात.

योग्य जागी नेऊन ठेवलं तर काय होतं, याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला आणि तो मला या सगळ्यात आशेचा वाटतो. गर्भात ही विकरं अगदी शेवटच्या टप्प्यात वाढतात. ससे आणि उंदीर यांच्या गर्भात हे नीट मोजलेलं आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ त्यामुळे दुहेरी कात्रीत सापडतं: संरक्षण तयार नाही आणि जगायला तर भरपूर ऑक्सिजन लागतो. अशा ३०२ बाळांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत श्वासनलिकेतल्या नळीवाटे मानवी एसओडी सोडलं गेलं. २००३ मध्ये निकाल छापला गेला. रुग्णालयात असेपर्यंत फरक काही दिसला नाही. मुलं वर्षाची झाली तेव्हा मात्र घरघरीसाठी दम्याची औषधं लागण्याचं प्रमाण साध्या उपचारवाल्यांत ३७ टक्के आणि एसओडी मिळालेल्यांत २४ टक्के होतं. जागा बरोबर, वेळही बरोबर, तरी लाभ बेताचाच. शरीराची स्वतःची व्यवस्था किती नेमकी असते याचा अंदाज त्यावरून यावा.

वेळेचं महत्त्व दाखवणारा प्रयोग त्याहून जुना. जेम्स क्रॅपो आणि डोनाल्ड टायर्नी यांनी १९७४ मध्ये दाखवलं की शुद्ध ऑक्सिजनमध्ये तीनेक दिवसांत मरणारे उंदीर आधी आठवडाभर ८५ टक्के ऑक्सिजनमध्ये राहिले असतील तर शुद्ध ऑक्सिजनमध्येही तगतात. त्या आठवड्यात त्यांच्या फुप्फुसातलं एसओडी वाढलेलं असतं. पेशी ताण ओळखून विकरं वाढवते. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन यातला मुख्य सूत्रधार. एरवी दुसरं एक प्रथिन, कीप-१, त्याला पकडून नष्ट करवतं, आणि ताण आला की पकड सुटून ते केंद्रकात जातं, डझनावारी संरक्षक जनुकं चालू करतं. हे नसलेल्या उंदरांना सिगारेटच्या धुरात वायुकोश फाटण्याचा आजार लवकर जडतो. तर मग त्याला कायमचं चालूच ठेवावं? फुप्फुसाच्या कित्येक कर्करोगांत कीप-१ चं जनुक बिघडलेलं असतं, एनआरएफ-२ अखंड चालू असतं, आणि त्याच्या जोरावर गाठ औषधांनाही दाद देत नाही. हेच प्रथिन चेतवणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची मूत्रपिंडाच्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०१२ मध्ये थांबली, कारण हृदय निकामी होण्याचे प्रसंग वाढले होते. बंद होण्याची वेळही ठरलेली असावी लागते.

इतकी गुंतागुंत असलेली गोष्ट बाटलीत भरून देता येते असं जो सांगतो, तो विकायलाच बसलेला असतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालावा तो आपण स्वतःशी, की फुप्फुसावरचा मारा कमी करायचं सोडून त्याची ढाल जाड करण्यामागे आपण का लागतो. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन. सिगारेट सोडायचं प्रत्येकालाच सांगितलं जातं, पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की सीओपीडीचा फार मोठा वाटा कधीच सिगारेट न ओढलेल्यांचा आहे, आणि त्याचं मोठं कारण लाकूड-गोवऱ्यांचा धूर. जगातली सुमारे ३ अब्ज माणसं तेव्हा त्या धुरात होती. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या वायुकोशांतली विकरं रोज दोन वेळा खर्ची पडतात, आणि तिला कुणी ‘व्यसनी’ म्हणत नाही, म्हणून तिचा आजार उशिरा सापडतो. शहरातल्या घरांतही फार वेगळं नाही. एक मच्छर कॉइल जळून जितके सूक्ष्म कण सोडते तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ मध्ये मोजलं गेलं. दारं-खिडक्या लावून तिच्या उशाशी रात्रभर झोपायचं आणि सकाळी अँटिऑक्सिडंटवाला चहा प्यायचा, हा प्रकार मला विनोदी वाटत नाही, चीड आणतो.

सरकारचं वागणं याहून शहाणपणाचं आहे असंही नाही. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. भारताचं २००९ मध्ये ठरलेलं मानक ४० आहे. आठपट. चेंबूरच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाच्या फुप्फुसातलं एसओडी इतरांपेक्षा आठपट जोरकस असल्याचं कुठल्याही प्रयोगशाळेने दाखवलेलं नाही. हे मानक बदललं पाहिजे, आणि ते बदलेपर्यंत निदान घरातली कॉइल विझवून मच्छरदाणी लावा.